“माझं काय, चालतंय”

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारात रविवारी बी.पी. आणि शुगरची तपासणी ठेवली होती. वंदना झाली की सतरंजीच्या कडेला टेबल मांडायचं आणि दुपारपर्यंत बसायचं, ही आमची नेहमीची पद्धत. पन्नाशीच्या एक मावशी आल्या. बी.पी. १६४/१०० निघालं. मी विचारलं, “गोळी चालू आहे का मावशी?” म्हणाल्या, “होती. संपली. आणू की.” मग बाहेर चपला घालता घालता त्या परत वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “सिस्टर, छातीत गाठ असली तर दुखायला पाहिजे ना? माझी दुखत नाही.”

गाठ आठ महिन्यांपासून होती.

आधी हे सांगून टाकते, म्हणजे कुणी वाचता वाचता थांबायला नको. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणजे ती साधी आहे, असं अजिबात नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बऱ्याचशा गाठी कॅन्सरच्या नसतात, पण कुठली कसली हे हाताने कळत नाही, तपासावं लागतं. म्हणून गाठ लागली की त्याच आठवड्यात दाखवायची.

मावशींना विचारलं, आठ महिने का थांबलात? त्या म्हणाल्या, “माझं काय, चालतंय. पोराची फी भरायची होती.” थोडं थांबून म्हणाल्या, “आणि तिथं गेलं की बोलतात.” ‘तिथं’ म्हणजे दवाखान्यात. पूर्वी एकदा त्या केसपेपरच्या रांगेत उभ्या असताना खिडकीतून कुणीतरी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालं होतं, आंघोळ करून येत जा. या बाई पाच घरची धुणीभांडी करतात, पहाटे पाचला आंघोळ करून घराबाहेर पडतात. त्या दिवशी त्या केसपेपर न काढताच परत आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत.

गाठीबद्दल पुढे एकदा सविस्तर लिहीन. आज त्या आठ महिन्यांबद्दल लिहायचं आहे.

आपण आत्मविश्वास आणि आत्मसन्मान हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे. आत्मविश्वास कामाचा असतो: मला रिक्षा चालवता येते, मला वीस माणसांचा स्वयंपाक जमतो. या मावशी भिशीचा हिशोब वही न उघडता सांगतात, आत्मविश्वासाला कमी नाहीत. आत्मसन्मान म्हणजे आपण स्वतःची किती किंमत धरतो ते. माझं दुखणं कुणी ऐकून घ्यावं, माझ्यासाठी चार पैसे खर्च व्हावेत, माझ्याशी नीट बोललं जावं, एवढी माझी लायकी आहे असं आतून वाटणं. तेच वाटेनासं झालं की कामाला वाघ असलेलं माणूससुद्धा स्वतःच्या बाबतीत ‘चालतंय’ म्हणून गप्प बसतं. लोक त्याला स्वभाव म्हणतात. “ती पहिल्यापासून बुजरीच आहे,” “त्याला पुढे यायला आवडत नाही.” वीस वर्षांत मी अशी बरीच माणसं पाहिली, त्यांत जन्मतः बुजरी फार थोडी होती.

माझंच सांगते. नर्सिंगच्या डिप्लोमाला मला राखीव जागेतून प्रवेश मिळाला होता. पहिल्याच महिन्यात होस्टेलच्या मेसमध्ये कुणीतरी हसत म्हणालं, “हिचं काय, हिची सीट ठरलेलीच होती.” भांडण नाही, शिवी नाही. पण त्यानंतर तीन वर्षं मी वॉर्डात एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं तर यांना कळेल की हिला येत नाही, हीच भीती. एकदा सलाइन लावायचं होतं. साध्या सेटमधून एका मिलीला १५ ते २० थेंब पडतात, मायक्रो सेटमधून ६०, हे मला पाठ होतं. हातात आलेला सेट कुठला आहे ते मात्र खात्रीने कळेना आणि शेजारी उभ्या असलेल्या स्टाफ सिस्टरला विचारायला तोंड उघडेना. मी अंदाजाने थेंब लावले. त्यांनी वेळेवर बघितलं म्हणून पेशंटला काही झालं नाही. आत्मसन्मान गेलेल्या माणसाचं नुकसान त्याच्या एकट्यापुरतं राहत नाही, ते मी त्या दिवशी पाहिलं.

हे माणसाच्या आत कसं शिरतं, यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी लहान काळ्या मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती, असं विचारलं. बहुतेक मुलांनी चांगली म्हणून गोरी उचलली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडू लागली. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात क्लार्क यांच्या या कामाचा उल्लेख आहे.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या वयाच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची वाट शोधायची कोडी सोडवायला दिली. त्यांतले निम्मे वरच्या जातींचे, निम्मे दलित. जात कुणी काढली नाही तेव्हा दोघांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग काही गटांत सुरुवातीला सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तेवढ्यानेच दलित मुलांची कामगिरी जवळजवळ पाचव्या हिश्श्याने खाली आली. मुलं तशीच, कोडी तशीच, फक्त जात मोठ्याने वाचली गेली. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असं वर्गात म्हणतात तेव्हा दुसरं काय होतं? फॉर्मची यादी बाकावर जाऊन गुपचूप देता येते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे अपमान झाला की आत्मसन्मान जाणारच. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण पुढच्या संशोधनात वेगळं निघालं. अमेरिकेत मोठ्या झालेल्या काळ्या लोकांचा आत्मसन्मान मोजला तेव्हा तो गोऱ्यांपेक्षा कमी भरला नाही, बऱ्याचदा थोडा जास्तच भरला. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर या दोन संशोधकांनी १९८९ साली त्याची कारणं मांडली. त्यातलं मोठं कारण असं: अपमान करणाऱ्याचा दोष त्याचा त्याच्याच पदरात ठेवता आला, तर माणूस तो स्वतःच्या अंगावर घेत नाही. ‘मी तसाच आहे म्हणून मला बोलले’ आणि ‘त्यांच्या डोक्यात घाण आहे म्हणून मला बोलले’, या दोन विचारांत माणूस वाचतो किंवा खचतो.

आपल्याला हे नवं वाटू नये. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटायला निघालेली, चांगले कपडे घातलेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. पुढे गाडीवान मिळेना, रस्त्यात पाणी मिळेना. तेव्हा ते दहाच्या आतबाहेरचे होते. शाळेत वेगळं बसायचं, पाण्याला हात लावायचा नाही, हे त्याआधीही त्यांना माहीत होतंच. पण तोवर ते असंच असायचं म्हणून चाललं होतं आणि या प्रवासाच्या धक्क्याने त्यांना विचार करायला लावलं, असं ते लिहितात. मावशींचं ‘चालतंय’ ऐकताना मला ते पान आठवतं. मसूरच्या प्लॅटफॉर्मवर दोष मुलांचा नव्हता, हे त्या मुलाला उमगलं. रांगेतून परत आलेल्या मावशींना ते कुणी सांगितलंच नव्हतं. घरी सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून कुणाला कळलं नाही आणि दोष त्यांच्याजवळच राहिला.

क्रॉकर आणि मेजर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिची मला जास्त काळजी वाटते. मन वाचवण्यासाठी माणूस कधी कधी ज्या ठिकाणी मार बसतो ती जागाच सोडून देतो. “शाळेत काय ठेवलंय,” “नोकरी करून कोण मोठं झालंय.” असं म्हटलं की दुखणं कमी होतं, पण शिक्षणही जातं. आमच्या गल्लीतला एक मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. एका विषयात एटीकेटी लागली. शिकवणारे वर्गात कोट्यावरून काहीतरी बोलले. घरी येऊन तो म्हणाला, डिप्लोम्यात काय आहे, मी डिलिव्हरीच्या कामाला जातो. बाप म्हणतो, आळशी आहे. बारा-बारा तास पावसात गाडी मारणारा पोरगा आळशी कसा, हे काही मला कळत नाही.

आता शरीराकडे वळू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. धोका दिसला की त्यांतून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात येतो. त्याने साखर रक्तात सोडली जाते आणि ताणाच्या इतर रसांबरोबर बी.पी. वर जातं, पचन मंदावतं. कुत्रा अंगावर आला तर पळायला हे उपयोगाचं. पण कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कशाने वाढतं? २००४ साली २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की जिथे दुसरी माणसं आपल्याला जोखत असतात आणि आपल्या हातात काहीच नसतं, तिथे ते सर्वांत जास्त वाढतं. कामाच्या घरी वेगळा कप, वेगळी लिफ्ट, आडनाव विचारणारी नजर, हे रोजचं झालं की ती धोक्याची घंटा नीट बंदच होत नाही. मग झोप तुटते, डोकं दुखतं, ॲसिडिटी होते, मान आणि खांदे आखडतात. बी.पी. फक्त अपमानाने चढतं असं मी म्हणत नाही. मीठ आहे, तंबाखू आहे, वय आहे, घराण्यातून आलेलं आहे. पण गोळी घ्यायला ‘माझं काय’ हेच आडवं येत असेल तर ते बी.पी. उतरणार कधी?

बायकांमध्ये हे ताटात दिसतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खायचं, अंडं पोराला, भाजीचा तळ आपल्याला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याला गरिबी आहे, बाळंतपणं आहेत, पाळीचा त्रास आहे आणि शेवटी जेवायची सवयही आहे. रक्त कमी झालं की थकवा येतो, काम उरकत नाही, मग “मी कशालाच कामाची नाही” असं वाटायला लागतं. कारण आणि परिणाम एकमेकांना धरून फिरतात.

पुरुषांमध्ये ते वेगळं दिसतं, म्हणून लवकर ओळखू येत नाही. बाहेर मुकादमासमोर मान खाली घालून आलेला माणूस घरी बायकोच्या अंगावर ओरडतो. गुत्त्यावर तासभर सगळे सारखे असतात, म्हणून पाय तिकडे वळतात. मारहाणीला हे कारण म्हणून मी मान्य करणार नाही. मार खाणाऱ्या बाईचा आत्मसन्मान तिथेच संपतो आणि पोरं ते बघत असतात. पण दारू सोडवायला बसलो की पहिल्या दोन बैठकांत दारूचं बोलणं निघतच नाही, नाक्यावर कोण काय बोललं तेच निघतं.

आणि घर. बाहेरच्यांना बोलून झालं, आता आपल्या घरात येऊ. ‘ढ’, ‘काळी’, ‘बघ त्या अमक्याचा पोरगा’, हे शब्द शाळेतले मास्तर नाही, आपण वापरतो. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली, कारण घरच्यांनी त्यांचं नाव नकुशा, म्हणजे नकोशी, ठेवलं होतं. त्यातल्या कितीतरी मुली तोवर शाळेत जाऊन रोज त्याच नावाने हजेरी देत होत्या. आपल्याकडे असं नाव ठेवत नाहीत म्हणून खूश होऊ नका. तिसरी मुलगी झाली तेव्हा घरात कोण कसं बोललं, ते आठवा.

विहारात मी या विषयावर बोलले तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. “ताई, धम्मात तर मान सोडायला सांगितला आहे. तुम्ही मान वाढवायला सांगता.” प्रश्न चांगला होता. पाली वचनांत मान तीन तऱ्हांचा सांगितला आहे: मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा आणि मी हीन. तिन्ही बंधनंच आहेत. स्वतःला हीन समजणं म्हणजे नम्रता, असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. आत्मसन्मान असलेल्या माणसाला दिवसभर स्वतःला कुणाशी मोजत बसावं लागत नाही. तो प्रश्न विचारतो, चुकलं तर चुकलं म्हणतो, पुढच्या कामाला लागतो. त्यावर ते उपासक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या सुनेला मी रोज हीन मान शिकवतो की काय?” सगळे हसले. सून हसली नाही.

मग करायचं काय? मनाला समजावून फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. आरशात बघून ‘मी छान आहे’ म्हणायला सांगतात, ते मला स्वतःला कधी जमलं नाही. कृती बदलली की मन मागून येतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना साडी नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, तेव्हा बायकांनी ती आधी बदलली.

दवाखान्यापासून सुरुवात करा. एकटं जाऊ नका, दोघी जा. दुसरीने फक्त शेजारी उभं राहायचं, बाकी काही नाही. एकटीला बोलणारी जीभ दोघींसमोर बरीच सांभाळून चालते. सगळे जुने कागद एका पिशवीत ठेवा. काय काय होतंय ते आधी कागदावर लिहा, लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच: मला काय झालंय, ही गोळी कशाची, परत कधी येऊ? हे विचारणं उद्धटपणा नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, म्हणून सांगते: विचारणारा पेशंट आम्हाला लक्षात राहतो. कुणी वाईट बोललं तर तारीख, वेळ आणि खिडकी लिहून ठेवा आणि घरी आल्यावर सांगा. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवू, पण सांगा जरूर. सांगितलं की चार जणी म्हणतात, “मलाही असंच बोलले होते.” मग दोष कुणाचा, ते आपोआप कळतं.

घरात आठवड्यातून एक दिवस बाईने आधी जेवावं. ऐकायला सोपं आहे. आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी ठरवलं आणि पहिल्या आठवड्यात तिघींनाच जमलं. मुलांच्या बाबतीत ‘तू ढ आहेस’ याऐवजी ‘हे गणित चुकलंय’ एवढंच म्हणा. चूक कामाची असते, ती दुरुस्त होते. आणि प्रत्येक गोष्ट जातीवर ढकलायलाही शिकवू नका. अभ्यास केला नव्हता तर केला नव्हता, ते कबूल करणं यालाही आत्मसन्मान लागतो.

यापलीकडे एक हद्द आहे, ती ओळखायला हवी. दोन आठवडे किंवा जास्त दिवस सतत उदास वाटतंय, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, लक्ष लागत नाही, ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ हे पुन्हा पुन्हा मनात येतंय, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, काहींना बोलण्याचे, काहींना गोळ्यांचे, काहींना दोन्ही. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका आणि बरं वाटल्यावर डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका. नेहमी दिल्या जाणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही.

घरातलं कुणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल तर सरळ विचारा, “जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?” विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातलं विषारी औषध, उंदीर मारायची पूड, जास्तीच्या गोळ्या बाजूला करा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. फोन लावून काय बोलायचं हे सुचत नसेल तर “मला बरं वाटत नाही, कुठून सुरू करू कळत नाही” एवढं पुरे. पुढचं विचारायचं काम त्यांचं.

मावशींना मी दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. रांगेत आम्ही दोघी होतो, त्यांची मोठी सूनही आली. सुईने नमुना काढला, रिपोर्ट कॅन्सरचा आला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, केस गेले आहेत. आठ महिन्यांनी किती फरक पडला, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी खोटं बोलले नाही. लवकर आलो असतो तर उपचार कदाचित कमी लागले असते, म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुढची तारीख पिशवीतल्या कागदावर लिहून द्यायला सांगितली.

पॉलिटेक्निकचा मुलगा अजून गाडीच मारतो. परीक्षेचा फॉर्म मी आणून ठेवला आहे, विषय एकच राहिला आहे. त्याच्या बापाला मी एवढंच सांगितलं आहे की महिनाभर ‘आळशी’ हा शब्द काढायचा नाही. फॉर्म भरायची मुदत या महिन्याच्या शेवटपर्यंत आहे.